पाळक शोधण्याची एपिस्कोपल पद्धत: छोट्या मंडळीने काय घ्यावं, काय सोडावं

पाळकसाहेबांची बदली झाली की मराठवाड्यातल्या छोट्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पहिला प्रश्न ठरलेला: "आता कोण येणार?" अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये हा प्रश्न पहिले काही महिने बाजूलाच ठेवतात. तिथे मंडळीला आधी विचारलं जातं, "तुम्ही कोण आहात, तुमच्याकडे काय आहे, आणि तुम्हाला नेमकं कशासाठी पाळक हवा आहे?" या शोधासाठीच्या मार्गदर्शिका, प्रश्नावल्या आणि करारपत्रांचे नमुने तिथल्या अनेक डायोसिसांनी, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागांनी, आपापल्या वेबसाइटवर ठेवले आहेत. ते इंग्रजीत आहेत आणि पैसे न देता वाचता येतात. ही सगळी व्यवस्था एक सेवा म्हणून तपासायची तर आपल्यासाठी कसोटी एकच. तालुक्याच्या गावी पस्तीस-चाळीस घरं, आसपासच्या चार खेड्यांत छोट्या संगती आणि जेमतेम वर्गणी असलेल्या मंडळीला यातलं किती पेलेल?

एपिस्कोपल म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचं. मराठी पवित्र शास्त्रात ज्याला 'अध्यक्ष' म्हटलंय, त्याच ग्रीक शब्दातून हा शब्द आला. हे चर्च जागतिक अँग्लिकन कुटुंबातलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन झालेलं आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही, त्याच कुटुंबात आहे, म्हणून ही तुलना उगाच ओढूनताणून आणलेली नाही. पण एक फरक मोठा आहे. सीएनआयमध्ये पाळकाची नेमणूक आणि बदली डायोसिसकडून होते. एपिस्कोपल चर्चमध्ये पॅरिशची, म्हणजे स्थानिक मंडळीची, निवडलेली कमिटी, तिला ते वेस्ट्री म्हणतात, आपला पाळक स्वतः निवडते आणि बिशप त्याला संमती देतो.

मराठवाड्याला या दोन्ही धारा परक्या नाहीत. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रतनजी नवरोजींनी चर्च मिशनरी सोसायटीचं काम वाढवलं. ती अँग्लिकन वाट, बिशपच्या अधिकाराची. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमधून, आणि स्कॉटिश प्रेसबिटेरियन परंपरेत मंडळी पाळकाला पाचारण करते, म्हणजे स्वतः निवडून बोलावते. एपिस्कोपल पद्धतीत पाचारण आणि बिशपची संमती एकाच कागदावर येतात. ती समजून घेण्यासारखी आहे ती त्यामुळेच.

तिथला क्रम थोडक्यात असा. रेक्टर, म्हणजे पॅरिशचा कायम पाळक, पद सोडतो. वॉर्डन, म्हणजे वेस्ट्रीतले प्रमुख सभासद, बिशपला कळवतात. डायोसिसचा एक अधिकारी वेस्ट्रीला भेटून पुढचा मार्ग समजावतो. मधल्या काळासाठी हंगामी पाळक किंवा रविवारपुरते येणारे पाळक ठरतात. वेस्ट्री एक शोधसमिती नेमते. समिती मंडळीचा अभ्यास करून ओळखपुस्तिका लिहिते, आणि चर्चच्या 'ऑफिस फॉर ट्रान्झिशन मिनिस्ट्री'च्या यादीत पॅरिशचं नाव जातं. अर्ज येतात, मुलाखती होतात, भेटी होतात. वेस्ट्रीने मत देण्याआधी नावं बिशपकडे जातात. त्यांना आपलं म्हणणं कळवायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि ते म्हणणं वेस्ट्रीला रीतसर बैठकीत विचारात घ्यावंच लागतं. त्यानंतर निवड, पार्श्वभूमीची तपासणी, करारपत्र आणि शेवटी नव्या सेवेच्या आरंभाची उपासना. या उपासनेचा विधी त्यांच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात छापलेला आहे.

इतकी काळजी घेण्याचं कारणही समजून घ्यायला हवं. रेक्टर एकदा आला की वेस्ट्रीला तो मनाने काढता येत नाही. मतभेद टोकाला गेले तर बिशपना मध्ये यावं लागतं. वयाच्या ७२ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे, तोवर तो राहू शकतो. चुकीची निवड म्हणजे दहा वर्षांचा प्रश्न. म्हणून बऱ्याच छोट्या पॅरिश आधी 'प्रीस्ट-इन-चार्ज' घेतात. त्याला बिशप ठराविक मुदतीसाठी नेमतात आणि जमलं तर पुढे त्याचाच विचार रेक्टर म्हणून होतो. लहान मंडळीला ही सोय रेक्टरपेक्षा जास्त मानवते, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांना पारखायला वेळ मिळतो.

या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मंडळीचा स्वतःचा अभ्यास. तो करायला बिशपची परवानगी लागत नाही आणि निवडीचा अधिकारही लागत नाही. एक वही, चार प्रामाणिक माणसं आणि दोन महिने पुरतात. सीएनआयच्या पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीने, एवढाच भाग उचलला तरी या पद्धतीचा निम्म्याहून अधिक फायदा पदरात पडेल.

सुरुवात उपस्थितीपासून करावी. एपिस्कोपल पॅरिश दरवर्षी १ मार्चपर्यंत आपला वार्षिक अहवाल देते. त्यात रविवारची सरासरी उपस्थिती असते, आणि वर्षावर्षांचे आकडे आलेखात कुणालाही पाहता येतात. येऊ पाहणारा पाळक घरबसल्या बघतो की इथे पूर्वी किती माणसं होती आणि आज किती आहेत. आपल्याकडे उपासनेच्या रजिस्टरात हे आकडे बहुधा असतात, त्यांची बेरीज मात्र कुणी करत नाही. बेरीज करताना एक मोठी चूक होते. ज्या मंडळीतली घरं ऊसतोडीला जातात, तिथे दिवाळीनंतर बाकं रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतात. अशा ठिकाणी वर्षाची एकच सरासरी काढली तर ती दोन्ही हंगामांबद्दल खोटं सांगते. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असे दोन आकडे वेगळे लिहावेत. नाताळची गर्दी कुठेच धरू नये. समजा पावसाळ्यात ८४ माणसं आणि हिवाळ्यात ४१ असं निघालं, तर या दोन आकड्यांतूनच नव्या पाळकाला कळतं की त्याचं अर्धं वर्ष कारखान्यावर गेलेल्या कुटुंबांच्या म्हाताऱ्या आईवडिलांसोबत आणि मागे राहिलेल्या लेकरांसोबत जाणार आहे.

प्रश्नावलीची वेळही याच हिशेबाने ठरवावी. डिसेंबरात घेतलेली पाहणी म्हणजे मागे राहिलेल्यांचीच पाहणी. जुलै-ऑगस्ट उत्तम. कागद वाटून "भरून द्या" म्हटलं तर शिकलेली पाच-सात घरंच उत्तरं देतील, म्हणून घरोघर जाऊन तोंडी विचारावं. बायकांचं म्हणणं महिला संघाच्या बैठकीत वेगळं घ्यावं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर सुना बोलत नाहीत. पुण्याला किंवा वाळूजच्या कंपन्यांत गेलेल्या पोरांना फोन करावा. ती महिन्यातून एकदा येत असली तरी वर्गणीतला मोठा वाटा त्यांचाच असतो. उत्तरांवर नाव नको. चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात आणि डबा दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी मिळून उघडावा. प्रश्न पाच-सहा पुरेत: गेल्या वर्षी मंडळीने केलेलं कुठलं काम मनाला भिडलं? कुठल्या वेळी पाळकाची गरज होती आणि ते पोहोचू शकले नाहीत? कोणती गोष्ट बंद झाली तर वाईट वाटेल? कोणती बंद झाली तर चालेल? भांडण झालं तर ते मिटतं कसं? आणि घरात कुणी आजारी पडलं तर आधी कुणाला कळवता?

या माहितीवरून ओळखपुस्तिका लिहायची. अमेरिकेत तिला पॅरिश प्रोफाइल म्हणतात आणि ती कधी कधी वीस-तीस रंगीत पानांची होते. छोट्या मंडळीला तीन पानं बास. खरी अडचण पानांची नसते, वाक्यांची असते. बहुतेक ठिकाणी असा मजकूर उतरतो: "आमची मंडळी प्रेमळ व एकोप्याची आहे. आम्हाला तरुण, उत्साही, अनुभवी, प्रार्थनाशील व सर्वांना सोबत घेऊन जाणारा पाळक हवा." हे वाचून कुणालाच काही कळत नाही, कारण हेच वाक्य कुठल्याही मंडळीला चिकटवता येतं. त्याजागी असं लिहून बघा: "आमची ३८ घरं आहेत. १४ घरांत साठीपुढची माणसं एकटी राहतात. संडे स्कूलला ११ मुलं येतात, शिक्षिका एकच आहे. चारपैकी एका खेड्यात तीन वर्षांपासून प्रभुभोजन झालेलं नाही. दोन घराण्यांत जागेच्या वादामुळे बोलणं बंद आहे. दोघंही उपासनेला येतात, पण वेगवेगळ्या दारांनी. आम्हाला घरोघर जाणारा पाळक हवा आहे. उपदेश साधा असला तरी चालेल." यात लपवलेलं काही नाही. हे वाचून जो येईल तो डोळे उघडे ठेवून येईल. वादाचा उल्लेख करायला कमिट्या घाबरतात, पण नवा पाळक पहिल्या महिन्यात ते जाणणारच असतो. आधी कळलं तर तो तयारीने येतो, नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटून मन उडतं.

आता पैशाकडे. एपिस्कोपल पद्धतीची शिस्त इथे सगळ्यात जास्त जाणवते. पाळकाचा खर्च म्हणजे नुसतं वेतन नव्हे, हे ते सुरुवातीलाच कागदावर आणतात. वेतन, घर किंवा घरभत्ता, वीज-पाणी, प्रवासखर्च, आरोग्य विमा, आणि त्यावर चर्च पेन्शन फंडाला भरायचे १८ टक्के. हा फंड १९१७ पासून चालू आहे आणि त्याची रक्कम पॅरिशने भरायची असते. शिवाय सामाजिक सुरक्षेसाठी अमेरिकी सरकार पाळकाला स्वतःचा धंदा करणारा माणूस समजतं. म्हणून तो कर, १५.३ टक्के, पाळकाच्याच खिशातून जातो, आणि काही पॅरिश त्यातला अर्धा भार उचलतात. सगळं धरलं की खर्चाचा आकडा वेतनाच्या बराच वर जातो, आणि कित्येक छोट्या पॅरिशना तिथेच समजतं की पूर्णवेळ पाळक आपल्याला झेपणार नाही.

आपल्याकडचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. महिन्याची वर्गणी आणि रविवारचं दान मिळून १४,५०० रुपये. खर्चाच्या बाजूला पाळकाच्या वेतनापोटी मंडळीचा हिस्सा १६,०००, वीज १,४००, पाळकाचं पेट्रोल १,५००, झाडलोट आणि घंटेसाठी ठेवलेल्या माणसाचे २,५००, दुरुस्तीसाठी बाजूला १,६००. एकूण २३,०००. दरमहा तूट ८,५०० रुपये. बँकेत ४ लाखांची मुदत ठेव आहे म्हणून कमिटी निर्धास्त असते, पण व्याज सोडलं तर ती ४७ महिन्यांत संपते. हे गणित पाळक यायच्या आधी मांडलं तर चार वर्षांत वर्गणी कशी वाढवायची यावर नीट बोलता येतं. मांडलंच नाही तर चौथ्या वर्षी पाळकाचा हिस्सा थकतो आणि दोष मात्र त्याच्यावर येतो. कापणीच्या सणाच्या लिलावातून येणारे पैसे धरायचे असतील तर तीन वर्षांची सरासरी काढून तिला बाराने भागावं. एका चांगल्या पावसाच्या वर्षावर अंदाजपत्रक बांधू नये.

पेट्रोलचा आकडाही मोजून काढावा. समजा चार खेडी, जाऊन-येऊन २८, ३६, ४४ आणि ५२ किलोमीटरवर आहेत. एक फेरा १६० किलोमीटरचा. महिन्यातून दोनदा म्हणजे ३२०. दुचाकीला लिटरमागे ४५ किलोमीटर धरले तर सात लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे साधारण ७५० रुपये; हे फक्त उपासनांसाठी. दवाखान्यातल्या भेटी, अंत्यविधी आणि डायोसिसच्या बैठका धरल्या की १,५०० रुपये सहज लागतात. ही रक्कम ठरलेली नसली की पाळक आधी स्वतःच्या खिशातून घालतो आणि नंतर लांबच्या खेड्याची फेरी गाळतो. खेड्यातली संगत तुटते ती अशी.

अर्धवेळ पाळक हा तिथल्या छोट्या पॅरिशचा नेहमीचा तोडगा आहे. कुठे दोन-तीन पॅरिश मिळून एक पाळक ठेवतात, कुठे पाळक आठवड्यातले काही दिवस दुसरी नोकरी करतो. त्यात हमखास बिघडतं ते एकच: पगार अर्धा आणि अपेक्षा पूर्ण. म्हणून दिवस आणि कामं लेखी हवीत. रविवार आणि गुरुवार मंडळीचे, अंत्यविधी आणि गंभीर आजार कधीही, बाकी दिवस फोन सेक्रेटरीकडे, इतकं स्पष्ट. आपल्याकडे एका पाळकाकडे अनेक मंडळ्या असणं जुनंच आहे, पण "पाळक कुठल्या रविवारी कुठे" याचं तीन महिन्यांचं छापील वेळापत्रक चर्चच्या दारावर लावलेलं क्वचित दिसतं. ते लावायला काही खर्च नाही.

पाळकांच्या बंगल्याबद्दल एपिस्कोपल पुस्तिकांत खोल्यांची संख्या, गरम पाण्याची सोय, दुरुस्ती कुणी करायची हे सगळं असतं. आपल्याकडे एका शब्दात मिटतं: "घर आहे." त्या घराकडे जरा जवळून बघा. मिशनच्या काळातल्या जाड भिंती उन्हाळ्यात थंडावा देतात, पण मागच्या पडवीचे पत्रे पावसात गळतात. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची मोरी तुंबते. बोअरचं पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकतं, पुढे टँकर, आणि टँकरचे पैसे कुणाचे हे ठरलेलं नसतं. विजेचं मीटर तीन पाळकांपूर्वीच्या कुणाच्या तरी नावावर आणि मागची बाकी तशीच. बाहेरच्या खोलीत मंडळीचं जुनं सामान, तिची किल्ली एका पंचाकडे. घर रिकामं असतानाच कमिटीतल्या दोघांनी वही घेऊन खोलीखोलीतून फिरावं, प्रत्येक नळ उघडून पाहावा, दोष लिहावेत, आणि कुठली दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल हे ओळखपुस्तिकेत टाकावं. पाळकाच्या घरची मंडळी सामान उतरवताना पहिल्यांदा पाहतात ती मोरी आणि पाण्याची टाकी.

जागा रिकामी असतानाचा काळ कसा काढायचा, याबाबत ही पद्धत व्यवहारी आहे. पाळक नसताना प्रातःकालची प्रार्थना प्रशिक्षित सभासद चालवू शकतात. प्रभुभोजनाला मात्र दीक्षित पाळकच हवा. म्हणून महिन्याचं वेळापत्रक आधीच बसवतात: एका रविवारी बाहेरचा पाळक, बाकीचे रविवार सभासदांचे. आपल्या मंडळीत हे जमायला दोन गोष्टी लागतात. उपासना चालवू शकणारी निदान चार माणसं, त्यांत दोन स्त्रिया. आणि येणाऱ्या पाळकाच्या मानधनाची व प्रवासखर्चाची पाकिटं उपासनेआधीच तयार. उपासनेनंतर खजिनदार शोधत फिरावं लागणं हा त्या पाळकाचा अपमान आहे, आणि पुढच्या वेळी तो नाही म्हणतो.

हंगामी पाळकाबद्दल तिथे एक चांगली शिस्त पाळली जाते: मधल्या काळासाठी आलेला माणूस सहसा कायम जागेसाठी उमेदवार नसतो. हा नियम आपल्याकडे फार उपयोगी पडेल. मदतीला आलेल्या निवृत्त पाळकाला किंवा सुवार्तिकाला अर्धी मंडळी "हेच ठेवा" म्हणू लागते, उरलेली अर्धी विरोधात जाते, आणि नवा पाळक येण्याआधीच दोन गट तयार होतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ते मनस्ताप टळतात.

लग्नांचं मात्र आपल्यालाच सांभाळावं लागेल, त्यात अमेरिकी कागद कामाचे नाहीत. आपल्याकडे १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा चालतो. कलम ५ मध्ये लग्न कोण लावू शकतो हे ठरवलंय, आणि तिथे 'एपिस्कोपल दीक्षा' मिळालेल्या पाळकांचा वेगळा उल्लेखच आहे. त्यांखेरीज परवानाधारक धर्मसेवक किंवा विवाह निबंधक वगैरे. उपासना चालवणारा सभासद कितीही आदरणीय असला तरी त्याला लग्न लावता येत नाही. वेळही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आतली. उन्हाळ्यात लग्नसराई आणि बदल्या एकदमच येतात. त्यामुळे मंडळीत एप्रिल-मेमध्ये कुणाचं लग्न ठरलं असेल तर शेजारच्या पास्टरेटच्या पाळकांची तारीख हॉलच्या आधी घ्यावी. विवाहाची नोंदवही कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, हेही त्याच वेळी पाहून ठेवावं.

शोधसमिती आणि मुलाखतींचा भाग ज्यांना निवडीचा अधिकार आहे त्यांच्यासाठी. म्हणजे आपल्याकडे मुख्यतः स्वतंत्र मंडळ्यांसाठी. समितीत सात माणसं पुरेत. एका भावकीतले दोनपेक्षा जास्त नकोत, तिशीच्या आतलं एक तरी हवं, आणि खेड्यातल्या संगतीचा एक प्रतिनिधी हवाच. मावळत्या पाळकाचे नातलग नकोत. एपिस्कोपल समित्या उमेदवारांची नावं अगदी गुप्त ठेवतात, कारण उमेदवार आज जिथे काम करतो तिथे त्याने काही सांगितलेलं नसतं. मराठवाड्यात सगळी ख्रिस्ती घरं कुठून ना कुठून पाहुणी निघतात, त्यामुळे सकाळी उच्चारलेलं नाव संध्याकाळी संभाजीनगरला पोहोचतं. यावर उपाय म्हणजे कागदपत्रांना नावांऐवजी क्रमांक, समितीचा व्हॉट्सअॅप ग्रुपच नाही, आणि इतिवृत्त एकाच वहीत, एकाच माणसाकडे.

मुलाखतीत "तुमचं दर्शन काय?" विचारलं की सगळेच चांगलं बोलतात. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. मागच्या महिन्यात आजारी माणसाच्या घरी गेलात तेव्हा तिथे काय केलंत? मागच्या मंडळीत तुमच्याविरुद्ध कोण गेलं आणि आज त्यांच्याशी बोलणं आहे का? हिशेबाच्या वहीवर तुमची सही कधी असायची? उपदेशाचे व्हिडिओ पाहून निवड करू नये. पाचशे लोकांपुढे माइकवर गाजणारा उपदेशक चाळीस माणसांपुढे माइकशिवाय कसा बोलतो ते वेगळं असतं. त्याची साधी रविवारची उपासना जाऊन पाहावी. संदर्भ तीन मागावेत, आणि त्यांतल्या एकाला विचारावं, "आणखी कुणाशी बोलू?" यादीत नसलेल्या त्या चौथ्या माणसाकडून खरं चित्र मिळतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी पार्श्वभूमीची तपासणी एपिस्कोपल चर्चमध्ये टाळता येत नाही. आपल्याकडे पोलिस पडताळणीचा दाखला मागायला लाज वाटू देऊ नये. पाळक संडे स्कूलच्या लेकरांमध्ये वावरणार आहे.

पाळकीणबाईंचा, म्हणजे पाळकाच्या पत्नीचा, प्रश्नही इथेच. एपिस्कोपल चर्चमध्ये १९७७ पासून स्त्रिया नियमाने पाळक आहेत, सीएनआयमध्येही स्त्रियांना दीक्षा मिळते. तरी आपल्या मंडळ्या पुरुष पाळक आणि त्याच्यासोबत बिनपगारी पाळकीणबाई धरूनच चालतात: महिला संघ त्यांनी चालवावा, पेटी त्यांनी वाजवावी, पाहुण्यांचा स्वयंपाक त्यांनी करावा. त्यांची स्वतःची नोकरी असू शकते. मुलाखतीत जोडीदाराकडून कामाची अपेक्षा मांडू नये. संडे स्कूलला शिक्षिका हवी असेल तर ती मंडळीतून तयार करावी.

या पद्धतीची उणीव स्पष्ट सांगायला हवी. ती संथ आहे. वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि चाळीस घरांच्या मंडळीला इतका काळ पाळकाविना राहणं परवडत नाही. तरुण घरं तेवढ्यात दुसऱ्या संगतीला जाऊ लागतात. बाहेरचे सल्लागार नेमणं आणि विकत घेतलेल्या प्रश्नावल्या आपल्याला नकोतच. निवडीच्या अधिकाराची हौस सीएनआयच्या मंडळीने धरू नये. नाव घेऊन बिशपकडे शिष्टमंडळ नेलं की ज्याचं नाव नेलं त्याचंही नुकसान होतं. मात्र तीन पानांची ओळखपुस्तिका, खऱ्या हिशेबासह आणि बंगल्याच्या दुरुस्तीच्या तारखांसह, फेब्रुवारीतच डायोसिसच्या कार्यालयात दिली, म्हणजे उन्हाळ्याच्या बदल्या ठरण्याआधी, तर बिशपना माणूस निवडायला आधार मिळतो. नेमणूक त्यांची, माहिती आपली. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर स्व-अभ्यासाला आणि हिशेबाला पूर्ण पाच, मधल्या काळाच्या नियोजनाला चार, निवडीच्या लांबलचक प्रक्रियेला आपल्या परिस्थितीत दोन.

करारपत्र मात्र दोन्हीकडे चालतं, मग पाळक पाचारणाने येवो की बदलीने. एका पानावर: वेतनाची तारीख, पेट्रोलची रक्कम, आठवड्याचा सुटीचा दिवस, वर्षाची रजा, टँकरचा खर्च कुणाचा, आणि सहा महिन्यांनी दोन्ही बाजूंनी बसून बोलायची तारीख. आणखी एक ओळ जुन्या पाळकासाठी: लग्न, बाप्तिस्मा किंवा अंत्यविधीला त्यांना बोलवायचं असेल तर निमंत्रण नव्या पाळकामार्फतच जाईल. त्यात अनादर नाही. नव्या पाळकाला रुजायला जागा मिळते.

नवे पाळकसाहेब मे अखेरीस यावेत, म्हणजे मुलांना जूनमध्ये शाळेत घालता येतं. ते येण्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्ही नोंदवह्या उघडून शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून ठेवावी, मीटरचं वाचन लिहून घ्यावं, आणि चर्च, झगे ठेवायच्या खोलीतलं कपाट, बंगला आणि बाहेरच्या खोलीच्या सगळ्या किल्ल्या चिठ्ठ्या बांधून एकाच जुडग्यात द्याव्यात. त्या पंचाकडची किल्लीसुद्धा.